वर्बिच्का कोणी विकलं

८ सप्टेंबर १९९०, शनिवार
एकशे बारा सह्या! माझा भाऊ ओल्दा नुसता भिंगरीसारखा फिरतोय.

चौदा वर्षं आमचं वर्बिच्का शेजारच्या मेझिरोवची शेपूट आहे. मूल जन्मलं – जा मेझिरोवला. माणूस मेलं – जा मेझिरोवला. आता पुन्हा आमची वेगळी ‘ओबेत्स’ हवी, म्हणजे आपली कचेरी, आपला अध्यक्ष, आपला शिक्का! सभेत ओल्दा गरजला, “आलोइसनं विकलेलं गाव मी परत आणतोय!” मी हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या.

आलोइस ह्रुबेश तेव्हाचे अध्यक्ष. गेल्या वर्षी वारले. प्रेतामागे नऊ माणसं होती.

११ सप्टेंबर
अर्जासोबत १९७६चा विलीनीकरणाचा ठराव जोडायचा आहे. गावची बखर मी लिहिते, तेव्हा जुने कागद धुंडाळणं माझ्याच गळ्यात. ओल्दा म्हणाला, “तुझी कंबर धरलेली. बसचे धक्के कशाला खातेस? मी आणतो.” इतकी माया कधीपासून?

१३ सप्टेंबर
जिल्ह्याला मीच जाऊन आले. ठराव मिळाला. लिहवत नाही.

१४ सप्टेंबर
लिहितेच. बैठकीला सहा जण. बाजूने पाच, विरोधात एक.

विरोधात – आलोइस ह्रुबेश.

ठराव मांडणारा – माझा भाऊ!

चौदा वर्षं दर रविवारी माझ्या टेबलाशी बसून, माझ्या हातचं बदक खाऊन हा माणूस आलोइसना शिव्या घालत होता. आणि मी वर आणखी वाढत होते. असा संताप आलाय!

१६ सप्टेंबर, रविवार
ओल्दा अंगणात आलुबुखाराचा मुरांबा ढवळत होता. कागद पुढे धरला. ढवळणं थांबलं नाही.

“सगळ्यांनीच हात वर केला होता.”

“आलोइसनं नाही केला.”

“त्याला पोरंबाळं नव्हती, तत्त्वं मिरवायला त्याचं काय जात होतं? ठराव मांडला तर मला कारखान्यात मुकादम करणार होते. दोन पोरं होती मला!”

“मग नाव त्याचं का घेतलंस?”

“कुणाचं तरी घ्यायलाच हवं होतं ना! लोक चिडले होते.”

असं म्हणाला! जसं काही खुंटीवरची टोपी उचलली.

मग आवाज खाली आणून – “हे बाहेर पडलं तर लोक सह्या मागे घेतील. तुला आपला शिक्का हवाय की नकोय? बखरीत घालू नकोस, व्लास्ता. सख्खा भाऊ आहे मी तुझा.”

सख्खा! मुरांब्याची बरणी देत होता, तशीच तिथे ठेवून आले.

१९ सप्टेंबर
दोनदा लेखणी उचलली. दोनदा खाली ठेवली. लिहिलं तर गाव हातचं जातं. नाही लिहिलं तर मीही त्याच्याच पंगतीला.

२२ सप्टेंबर
आलोइसच्या बायकोकडे गेले, आनेश्काबाईंकडे. ठराव दाखवला. त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही. विचारलं, आलोइसनी कधी कुणाला सांगितलं कसं नाही?

“सांगायचं कुणाला? ७६ सालच्या पानावर तूच लिहून ठेवलंस ना – आलोइसनं गाव विकलं. नाताळात तू बखर सगळ्यांसाठी उघडी ठेवायचीस. हे दरवर्षी जायचे. तेवढंच पान बघायचे. खोडलं असशील म्हणून.”

मी बघायचे त्यांना तिथे. मनात म्हणायचे, लाज कशी वाटत नाही या माणसाला.