काळू वारल्याची जमीन

प्रिय पप्पा,

तुम्हाला जाऊन तीन वर्षं झाली आणि मी आज लिहायला बसलेय, ते रियामुळे. तिला शाळेतून फॅमिली ट्री काढायला सांगितलाय. इथे आखातात मिस्सा शुक्रवारी, ती आटपून अबू हमूरच्या चर्चमधून घरी आले. सलग सहा दिवस वॉर्डात उभं राहून पाय सुजलेत. तरी पोरीसाठी कपाटावरून तुमची वही काढली. वसईहून आणली तशी ती पडून होती. उघडायचं जिवावर यायचं.

रिटायर झाल्यावर किती फिरलात हो तुम्ही! चर्चच्या कचेरीत जुनी लग्नाची रजिस्टरं, तहसीलला जमिनीचं दप्तर. तुमच्या पणजोबांपर्यंत, इनासपर्यंत पोचलात आणि एकदम थांबलात. सुट्टीवर आले तेव्हा मी विचारलं, तर म्हणालात की पुढचं पान वाळवीने खाल्लंय.

पान शाबूत होतं, पप्पा. तुमच्या मास्तरी अक्षरात ते उतरवून ठेवलंय. इनासची बायको मारिया. बाप्तिस्म्याआधीचं नाव मानकी, काळू वारल्याची, म्हणजे वारली आदिवाशाची मुलगी. खाली जमिनीची नोंद. आपलं घर उभं आहे ती जागा, विहीर, मागची केळीची वाडी, सगळं काळूचं. त्याला मुलगा नव्हता, म्हणून जावयाच्या नावावर चढलं.

मला सुभाष आठवला.

लग्नाआधी तिकडे माझ्याबरोबर हॉस्पिटलात होता, लॅबमध्ये. डहाणूकडचा वारली. इस्त्रीचा शर्ट घालून मला मागणी घालायला आला, आणि तुम्ही त्याला ओट्यावरूनच परत पाठवलंत.

"आपल्या घराण्यात असलं कधी झालेलं नाही," एवढंच म्हणालात.

तो पायऱ्या उतरून गेला. मी दाराआड उभी होते, बाहेर आले नाही. तो दोष माझाच.

स्टीफन चांगला आहे. त्याच्याशी लग्न झालं याचं मला दुःख नाही. पण त्या नोंदीखाली तुम्ही तारीख घातलीय. आमच्या लग्नाचा चौथा वाढदिवस. त्या दुपारी तुमचा फोन आला होता. शुभेच्छा न देताच म्हणालात, "ग्लोरी, तुला एक सांगायचं होतं." मी ड्यूटीवर होते, नंतर बोलू म्हटलं. संध्याकाळी मीच फोन केला, तर म्हणालात, काही नाही गं, सहजच.

तेच होतं ना ते? परत का नाही सांगितलंत? आणि मी तरी का नाही खोदून विचारलं?

भावाला, व्हिन्सेंटला फोन केला. गाव काय म्हणेल याची त्याला भीती. गाडलेली मढी कशाला उकरतेस, म्हणाला. रियाने मात्र इनासशेजारी मानकीचं नाव लिहिलं आणि विचारलं, "मम्मा, मानकीची फॅमिली कुठे आहे आता?" एरवी तिच्या तोंडून मराठी शब्द निघत नाही.

सुभाषला मी शोधणार नाही. त्याचा संसार असेल, त्याला कशाला त्रास? पण ऑगस्टच्या सुट्टीत येईन. आत्यासमोर, व्हिन्सेंटसमोर ते पान मोठ्याने वाचीन. मग रियाला घेऊन वसईच्या पूर्वेच्या पाड्यांवर जाईन, काळूच्या भावकीतलं कोणी उरलंय का विचारत. कोणी भेटलं तर त्यांना जेवायला बोलवीन, आपल्या घरात.

दमलेय, पप्पा. पण जाईन.

तुमची,
ग्लोरी