कुठलं कापड?

ती. ताईस,

धाकटीचा नमस्कार. (टाके ओले आहेत, तेव्हा वाकल्याचं तूच समजून घे.) तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला? मी ठणठणीत आहे, आणि माझ्या पोटातल्या ज्या गाठीसाठी तू फोनवर रडलीस, ती गाठ नव्हतीच.

क्रमानं सांगते. सोनोग्राफीच्या फोटोत नारळाएवढं काहीतरी दिसलं आणि तपासणारे डॉक्टर "बहुतेक ट्यूमर" असं इतक्या हळू म्हणाले, की मी लगेच आवराआवर काढली. दुकानातले अर्धवट ब्लाउज शिवून टाकले (एकीला दोन्ही बाह्या डाव्याच लागल्या, पण त्या दिवसांत मला कुणी बोलत नव्हतं). यांना कुकर लावायला शिकवलं. हे शिट्ट्या मोजता मोजता रडायचे, शिट्ट्या चुकायच्या, आठवडाभर आम्ही भाताचा लगदा खाल्ला.

ऑपरेशननंतर शुद्धीवर आले तर सर्जनबाई (पोरगेलीशी आहे, पण हात सोन्याचा) उशाशी उभी. "मावशी, गाठ नव्हती. कापड होतं."

मी ग्लानीतच विचारलं, "कुठलं?"

"सुती. चौदा वर्षांपूर्वी तुमची पिशवी काढली तेव्हा आत राहिलेलं."

हे इतके हसले की नर्सनं त्यांना बाहेर काढलं. बाहेर जाऊन रडले.

मला मात्र राग आला. तीस वर्षं शिवतेय, कुणाच्या अस्तरात कात्री विसरले का? (टाचण्या धरू नकोस.) जुन्या डॉक्टरांना काय काय सुनवायचं, ते आठ दिवस पडल्या पडल्या पाठ करत होते. तर काल ते आपणहून घरी आले. म्हातारे झालेत. दारातच म्हणाले, "चूक माझी. दुसऱ्या कुणाची नाही." पाठ केलेलं सगळं विसरले गं मी! त्या वेळच्या ऑपरेशनात रक्त थांबत नव्हतं, जीव वाचवला तो याच डॉक्टरांनी, त्याच घाईत कापड राहिलं. म्हटलं, "आत या, बसा." जीव वाचवल्याचे आभार चौदा वर्षं मानायचे राहिले होते, मानून टाकले.

तुझी,
धाकटी

ता. क. तुझ्या सूनबाईनं मला सगळं सांगितलंय. काखेत गाठ लागून सहा महिने झाले आणि तू "जिरेल आपोआप" म्हणत बसलीस? मंगळवारी दहाला माझ्या याच सर्जनबाईंकडे तुझा नंबर लावलाय. काहीही निघालं तरी मी शेजारच्या खुर्चीत असेन. ये गं.

पुन्हा ता. क. "धाकटीसारखं माझंही कापडच निघेल" म्हणून घरी बसू नकोस. तुझं आयुष्यात एक ऑपरेशन झालेलं नाही. तुझ्या आत कोण काय विसरणार?