बेरीज जुळेपर्यंत

३ मार्च, मंगळवार

माणसं हरवली! अख्ख्या जगाची लोकसंख्या, नकाशाच्या दर चौकोनात किती माणसं ते आकडे, जुन्या नकाशातून नव्या नकाशात नेली आणि तिकडे पोचेपर्यंत कोट्यवधी गळाली. ना युद्ध, ना रोगराई. आमच्या ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत!

घाईपंत — शेजारच्या टेबलावरचे सहकारी, नाव मीच ठेवलंय — मोठ्या तोऱ्यात म्हणाले होते, "बघा, अख्खं जग एका दमात!" झालं खरं एका दमात. पण बेरीज कोण बघणार? मी बघितली. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत.

४ मार्च, बुधवार

कारण सापडलं. मागे तापमानाचा नकाशा असाच बदलला होता, तीच सेटिंग घाईपंतांनी तशीच ठेवली. नव्या चौकोनात आजूबाजूच्या जुन्या चौकोनांची सरासरी. जुने चौकोन ध्रुवांकडे चिंचोळे होत जाणारे, नवे सगळे सारख्या क्षेत्रफळाचे. तापमानाला सरासरी चालते. माणसांची कशी चालेल? राग आला, स्वतःचाही. आधी विचारायला हवं होतं.

घरी आले तर सासूबाई गोल डब्यातलं पीठ चौकोनी डब्यात ओतत होत्या. मी बघतच राहिले. डबा बदलला, पीठ तेवढंच! जुना चौकोन ज्या ज्या नव्या चौकोनांवर पडतो, त्यांना त्या त्या वाट्यानं त्याची माणसं द्यायची. एवढंच तर करायचंय.

"बघतेस काय अशी? डबा धर," सासूबाई म्हणाल्या. धरला.

५ मार्च, गुरुवार

वाटे घालायला बसले तर अख्खं जग एकदम पेलेना, संगणकानं मान टाकली. मग जगाचे तुकडे केले, एकेक पुढ्यात घेतला. आता कसं सरसर चाललंय.

६ मार्च, शुक्रवार

बेरीज जवळजवळ जुळली. जवळजवळ! फरक एका लहानशा गावाएवढा.

साहेब म्हणाले, "अहो मॅडम, एवढ्या जगात तेवढं काय मनावर घेता? सोमवारी नकाशा गेलाच पाहिजे." माणूस वाईट नाही, त्यांच्यावरही वरून दट्ट्या आहे. पण याच नकाशावरून लसीच्या बोटी ठरणार. चौकोनात माणसं असली तर बोट जाणार, शून्य असलं तर नाही. ते गाव कुठंतरी आहे. तिथं तान्ही पोरं असणार, आणि मी ती खोडून टाकायची?

म्हटलं, गाव सापडल्याशिवाय सही करणार नाही. तोंडातून निघून गेलं खरं, पण आता मागं घेणार नाही.

७ मार्च, शनिवार

सुट्टीचं ऑफिसला निघाले. नवरा म्हणाला, "गाव सापडलं की आपल्या घराचा पत्ताही विचारून ये!" हसले. गाव नाही सापडलं.

९ मार्च, सोमवार

सापडलं!! आणि सापडलं घाईपंतांना. सकाळी आपणहून खुर्ची ओढून शेजारी बसले. "कड तपासलीत का हो?" — इतक्या दिवसांतलं पहिलं वाक्य.

पृथ्वी गोल असली तरी नकाशासाठी कुठंतरी कापावीच लागते. आपण ती भर समुद्रात कापतो, कुणाला लागू नये म्हणून. नेमकं एक बेट सुरीखाली आलेलं! त्याचा चौकोन अर्धा नकाशाच्या उजव्या टोकाला, अर्धा डाव्या. संगणकाला वाटलं, हा चौकोन सगळ्या जगावर पसरलाय, काहीतरी चुकलंय — दिला फेकून. माणसांसकट.

दोन्ही कडा एकमेकींवर थोड्या चढवून घेतल्या आणि तेवढाच तुकडा पुन्हा चालवला. साहेब दारात घड्याळ बघत उभे. "जुळलं?" "जुळलं." शेवटच्या माणसापर्यंत! सही करताना डोळे भरून आले, वेड्यासारखे. घाईपंतांनी चहा आणून ठेवला.

१० मार्च, मंगळवार

बेटासाठी बोट मंजूर. आज काहीही काम केलं नाही.

२७ मार्च, शुक्रवार

बोटीवरच्या नर्सचा फोन आला. आमच्या बेटावर कुणीच नाही. पडकी घरं आणि पक्षी. लोक कधीच उठून गेलेत, मोजणीच जुनी होती. बोट वळवताना त्यांना पलीकडचं बेट दिसलं. जुन्या नकाशातही तिथं शून्य, माझ्याही. किनाऱ्यावर बायका पोरांना कडेवर घेऊन हात हलवत होत्या.