मॅडम दोनला का पळतात

३ मार्च, सोमवार
आजही दोनच्या एस.टी.ने पळाल्या! यामिनी मॅडम — आमच्या नव्या ग्रामसेविका. मी सरपंच, पण मला विचारायचं नाव नाही. भिलाटीत, भिल्लांच्या वस्तीत, नळ द्यायचाय. घरोघरचं मोजमाप मार्चअखेर तालुक्याला गेलं नाही तर पाइपलाइन गेली हातची. अन् भिलाटीतली माणसं मजुरीवरून येतात चारनंतर. मग मोजायचं कोणी — मी?
धनुबाईने रस्त्यात अडवलं. म्हातारी, डोक्यावर हंडा. "पानी कव्हय येई वं सरपंचबाई? मी मरसू तव्हय का?" वर हसते!

५ मार्च
मॅडमना झाडलं. "पगार अर्ध्याच दिवसाचा घेता का?" तरी दोनला गेल्याच.

६ मार्च
ऊन असलं की पंचायतीतला माठसुद्धा तापला. मॅडमपुढे पाण्याचा पेला धरला, तर घेईनात! माझं डोकं सटकलं. "आमचं पाणी चालत नाही का?"
हळूच म्हणतात, "ताई, पाणी प्यायले तर जाऊ कुठे?"
हात्तिच्या! बाहेर भिंतीवर हे एवढं मोठं रंगवलंय — हागणदारीमुक्त गाव. अन् आत बाईमाणसाला जागा नाही! संडास आहे, पण कुलूप. शिपाई अमृत म्हणतो, "त्यामा ब्लीचिंग पावडरन्या गोण्या शेतस." म्हटलं, उचल, नाहीतर तुझ्या घरात टाकते. संध्याकाळपर्यंत मोकळा करवला. आतून कडी बसवली, पाणी भरवलं.

७ मार्च
मॅडम दोन पेले पाणी प्यायल्या!

१२ मार्च
आता सहाच्या गाडीने जातात. भिलाटीत दारोदार टेप घेऊन फिरतात. धनुबाई त्यांना चहा पाजते. मला कधी विचारला नाही! असू दे. मी उगाच तोंड वाजवलं इतके दिवस. कडी लावायचं काम होतं.

१८ मार्च
मोजत मोजत मॅडम आमच्याच दाराशी येऊन थांबल्या. पाइप जायचा तिथे आमचा गोठा — पार रस्त्यात घुसलेला. तो काढल्याशिवाय भिलाटीत पाणी जात नाही. मॅडम माझ्याकडे बघेनात. टेप नुसती गुंडाळत बसल्या.
घरी मालक तडकले. "त्या बाईनी बदली करी टाक!" म्हटलं, आत्ता कुठे कामाला लागलीय ती! मालक जेवले नाहीत. नका जेवू.

२० मार्च
गोठा काढायची नोटीस मॅडमनी टेबलावर ठेवली. मालकांच्या नावाची. खाली सरपंचाची सही लागते.
केली!