खांद्यावरचा हात

९ जुलै १९८४, सोमवार

पुन्हा इसन! तीन महिने होत आले, देवळातल्या गाण्याच्या मास्तरांनी मला एक ओळ गाऊ दिलेली नाही. ते वर चढतात, खाली येतात, घारीसारख्या घिरट्या घालतात — आणि मी खाली एकच सूर धरून उभा. खुंटीसारखा. त्या सुराला इसन म्हणतात आणि तो धरणाऱ्याला आमच्या गावात गाढव म्हणतात.

आज विचारलंच, "मास्तर, मला गायला कधी देणार?"

"गातोयस की."

"एक सूर धरणं म्हणजे गाणं?"

"जमीन म्हणजे काही चालणं नव्हे, लेका. पण जमिनीशिवाय चार पावलं टाकून दाखव."

आणि वर त्यांचा तो हात! गाताना डावा हात कायम माझ्या खांद्यावर, बोटं गळ्याजवळच्या हाडावर रुतलेली. जसा काही मी पळून जाणार आहे. (पळूनच आलोय म्हणा — अथेन्सच्या कॉलेजातून, तिसरं वर्ष अर्धं टाकून. आई दिवसातून दोनदा आठवण करून देते.)

१० जुलै

ही वही कोणी वाचत नाही. मग खरं लिहायला काय हरकत आहे?

ईस्टरला आठ दिवसांसाठी आलो होतो. देवळात वर, बायकांच्या सज्ज्यात, मार्केला उभी होती. मास्तरांची मुलगी. लहानपणी हिच्या डोक्यात मी दगड घातलाय, अजून खूण आहे. हातातल्या मेणबत्तीवर तिनं दुसऱ्या हाताचा आडोसा धरला होता आणि बोटांच्या कडा लाल दिसत होत्या. त्याच वेळी खाली मास्तरांनी सूर लावला. हा म्हातारा जन्मापासून ऐकतोय मी! पण त्या दिवशी तो आवाज दगडी भिंतीतून निघाल्यासारखा आला.

मी नक्की कशासाठी राहिलो — तिच्यासाठी की त्या आवाजासाठी — आता वेगळं काढता येत नाही. परतीचं तिकीट फाडलं. प्राध्यापकांना पत्र लिहिलं, त्यात दोन शब्द नको ते लिहिले.

आई म्हणाली, "इमारती बांधणार होतास ना? आता त्या झान्नी मास्तरला खांद्यावर बांधून घे."

१६ जुलै

आज मास्तरांनी पंधरा ऑगस्टचं मोठं गाणं काढलं. माउलीच्या, देवाच्या आईच्या, सणाचं. हातानं लिहिलेली वही, त्यांच्या गुरूंच्या गुरूंनी समुद्रापलीकडून छातीशी धरून आणलेली. गाणं सहाशे वर्षांचं. खुणा मुंगीच्या पायांएवढ्या. त्या खुणा सांगतात तेवढंच गायलं तर दोन मिनिटांत संपेल. मास्तर गातात ते वीस मिनिटं चालतं. उरलेली अठरा कुठे लिहिलीत, असं विचारलं तर त्यांनी तोंडाकडे बोट दाखवलं.

आणि मधे एक जागा येते — तिथे शब्दच संपतात. देवाचं नावसुद्धा संपतं. मग नुसतं ते-रि-रेम, ते-रे-रेम, अर्थ नसलेली अक्षरं, लाटेवर लाट.

"याचा अर्थ काय?"

"बाळ झोपवताना तुझी आई काय म्हणायची?"

"काहीतरी... हुं-हुं."

"त्याचा अर्थ काय होता?"

मग त्यांनी गाऊन दाखवलं. त्यांच्या स्वयंपाकघरात, टेबलावर कांदे, खिडकीत मांजर. मी सूर धरला होता आणि तरी अंगावर काटा आला. आपल्याच पायाखालून इतकं मोठं काही वर जातंय आणि आपण नुसतं उभं राहायचं! मांजरसुद्धा हललं नाही. मार्केला कांदा चिरायची थांबली होती.

२२ जुलै, रविवार

संत मार्केलेचा दिवस. म्हणजे तिच्या नावाचा. मास्तरांकडे सगळं गाव. बदामाची मिठाई, थंड पाणी. पाण्याचा पेला देताना ती म्हणाली, "काय रे सिदेरी, आवाज बसलाय की राग?" मी काहीतरी मूर्खासारखं उत्तर दिलं. आठवायचं नाही.

तिची एक लकब आहे — वडिलांशी बोलण्याआधी टेबलावर दोनदा चमचा वाजवते. छान दिसतं.

फोतीस भेटला. कॉफीचं दुकान त्याचं आणि देवळातली डावी बाजू त्याची. उजवीकडे मास्तर, डावीकडे तो, आळीपाळीनं गायचं. मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "सणाला बिशप येतायत, ठाऊक आहे ना? त्यांनाच कळू दे. म्हातारा हल्ली वर सरकतो. चांगला पाव सूर! बिशपच्या कानाला एकदा टोचलं की झालं. चाळीस वर्षं झाली उजव्या बाजूला, आता पुरे."

म्हटलं, "तुमच्या आवाजापेक्षा तुमच्या कॉफीचं यंत्र सुरात आहे."

हसला. पण डोळे हसले नाहीत.

३० जुलै

विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा इतका धीर केला!

मास्तरांच्या मस्तकीच्या मळ्यात गेलो होतो मदतीला. झाडांखाली पांढरी माती पसरून झालीय, आता खोडांना चिरा पाडायच्या, म्हणजे मस्तकीचा डिंक खाली ठिबकतो. ते पुढच्या झाडाशी वाकलेले, पाठ माझ्याकडे. चार पावलांवरून म्हटलं, स्पष्ट म्हटलं — "मास्तर, मला मार्केलेशी लग्न करायचंय. कॉलेज नाही, नोकरी नाही, ठाऊक आहे. पण मी राबेन. तुम्ही काय म्हणता?"

काही नाही.

एक चीर पाडली. दुसरी पाडली. मग पुढच्या झाडाकडे निघून गेले. वळून बघितलंसुद्धा नाही!

"नाही" म्हणाले असते तर चाललं असतं. "चालता हो" म्हणाले असते तरी. पण कुत्रं भुंकल्यावर माणूस निदान मान वळवतो.

१ ऑगस्ट

उपास सुरू. तेलसुद्धा नाही. संध्याकाळच्या प्रार्थनेला गेलो, सूर धरला, त्यांच्याकडे बघितलं नाही. हात खांद्यावर होताच. चटका बसावा तसा वाटला.

६ ऑगस्ट

देवळात द्राक्षांना आशीर्वाद. आज मासे चालतात. आईनं तळले. मी जेवलो नाही.

ठरलं. पंधरा तारखेला, बिशपसमोर, शब्द संपून ते-रि-रेम सुरू झालं की मी गप्प होणार. सूर सोडणार! जमीन काढून घेतली की कसं वाटतं ते बघू द्या मास्तरांना. मग वळून बघतीलच.

१३ ऑगस्ट

मार्केला गल्लीत भेटली. "तू बाबांवर रागावलायस."

"नाही."

"नाक फुगलंय."

"जन्मापासून असंच आहे."

ती काहीतरी सांगणार होती. मग म्हणाली, "परवा नीट उभा राहा हं." आणि गेली.

१५ ऑगस्ट, बुधवार

क्रमानं लिहितो, नाहीतर उद्या मलाच खोटं वाटेल.

देऊळ गच्च. बिशप आपल्या उंच खुर्चीतून उठून आत गेले, पडदा ओढला गेला. आत त्यांचा प्रसाद चालतो तोवर बाहेर आमचं मोठं गाणं. मास्तरांनी सुरू केलं. मी खाली. हात खांद्यावर. समोर फोतीस हाताची घडी घालून, मान एका बाजूला, नुसते कान झालेला.

शब्द संपले. ते-रि-रेम —

मी तोंड मिटलं.

वाटलं होतं दचकतील, थांबतील, डोळे वटारतील. काहीच नाही. ते गातच होते! अर्ध्या श्वासापुरता मी चिडलोसुद्धा — माझं असणं-नसणं यांना सारखंच? आणि मग त्यांची बोटं हलली. गळ्याच्या हाडावर इकडून तिकडे, अंधारात दाराची कडी चाचपावी तशी. तिथे थरथर नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या गळ्याकडे.

त्यांना ऐकू येत नाही.

सगळं एकदम समजलं. तो चमचा. तो मळा, ती पाठ. हा हात मला धरून ठेवायला नव्हता, मास्तर माझ्या हाडातून सूर ऐकत होते! आणि तो मी काढून घेतला होता. सबंध गावासमोर, बिशपसमोर.

ते वर सरकायला लागले. थोडेसेच. फोतीसची भुवई उचलली गेली. आंधळा माणूस गच्चीच्या कडेनं चाललाय आणि कठडा मीच उपटलाय — असं झालं मला. पण म्हातारा थांबला नाही! खाली काही नाही, कानात काही नाही, आणि तरी लाटेवर लाट, नुसत्या आठवणीवर, नुसत्या श्रद्धेवर. इतका एकटा माणूस मी पाहिला नाही. इतका निर्भयही नाही.

परत सूर लावायचा, पण कुठला? जुना लावला असता तर त्यांची चूक उघडी पडली असती. मी ते होते तिथे गेलो. हळूच, खालून, नव्या जागी सूर लावला. इसन कधी हलवायचा नसतो. मी हलवला. बोटं हाडावर गच्च बसली. पुढे आणखी दोनदा ते सरकले आणि दोनदा मी जमीन उचलून त्यांच्या पायाखाली नेली. कोणाला कळलं नाही! लोकांना वाटलं, हे गाणंच असं चढत जातं. पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या डोळे पुसत होत्या.

आणि शेवटाकडे — कसं लिहू — तो सूर मी धरलाय असं वाटेना. त्यानंच मला धरलं होतं. माझा राग, मार्केला, कॉलेज, सगळं त्यात होतं आणि काहीच दुखत नव्हतं. सहाशे वर्षांत किती जण असे खाली उभे राहिले असतील. एकाचंही नाव त्या वहीत नाही.

मग डावीकडची पाळी. फोतीसला आमच्या उंच सुरावरून उचलावं लागलं. आवाज फाटून कोंबडा झाला त्याचा!

जाताना बिशप मास्तरांना म्हणाले, "अजून दहा वर्षं गा, झान्नी." मास्तरांनी त्यांच्या ओठांकडे पाहिलं आणि मान डोलावली.

१६ ऑगस्ट

मास्तर दारात वाट बघत होते. समोर उभं राहून विचारलं, "काल मधे कुठे गेला होतास?"

ओठ नीट हलवून म्हटलं, "चुकलं, मास्तर."

"ते विचारलं नाही. परत आलास तो कुठून आलास?"

"वरून. तुम्ही होतात तिथून."

खूप वेळ हसले. मग डोळे पुसले. "गाढवा," म्हणाले, "माझ्या गुरूंनी मला इसन हलवल्याबद्दल थोबाडीत मारली होती."

मला मारली नाही.

२० ऑगस्ट

मार्केला उंबऱ्यावर बसून पहिली मस्तकी निवडत होती. काडी वेगळी, माती वेगळी. समोर जाऊन बसलो.

"कधीपासून?"

"तीन वर्षं. आधी उजवा कान, मग डावा. हाताची युक्ती माझी. घरी माझ्याच खांद्यावर सराव करायचे. पण देवळात मी सज्ज्यात, ते खाली. खांदा कुठून आणणार? तेवढ्यात तू आलास."

"म्हणजे मी खांदा!"

"चांगला आहे की."

"मळ्यात मी जे विचारलं..."

"बाबांना ऐकूच गेलं नाही." एक काडी काढली. "मला गेलं. मी पलीकडच्या झाडाशी होते."

"मग?"

"थेस्सालोनिकीला नर्सिंगला जागा मिळालीय. दोन वर्षं बोलावतायत, दोन वर्षं मी 'नाही' म्हणून लिहितेय. बाबांना कोणाच्या भरवशावर टाकू? पंधरा तारखेला वरून सगळं ऐकलं, सिदेरी. तू सोडलास तेही, आणि उचलून धरलंस तेही. सोळाला पत्र टाकलं. हो म्हणून."

उठलो आणि तिची चाळणी लाथेनं उडवली! चार दिवसांची मस्तकी गल्लीभर. म्हणजे मी सूर धरला नसता तर ही थांबली असती!

ती ओरडली नाही. गुडघ्यांवर बसून वेचायला लागली. थोड्या वेळानं मीही वेचायला लागलो. दाणे घामानं बोटांना चिकटत होते.

"मला उत्तर नाही दिलंस," मी म्हटलं.

"माझ्या बापाच्या पाठीला विचारलंस तू. मी परत येईन तेव्हा मला विचार. समोरून."

२ सप्टेंबर

आई म्हणते, तूही जा परत कॉलेजला. खरंच जाऊ? मग शनिवारी मास्तरांचा हात कुठे टेकणार?

१५ सप्टेंबर, शनिवार

बस संध्याकाळी सहाची. प्रार्थनाही सहाची. सकाळी तिनं घरीच निरोप घेतला, म्हणाली, "चौकात येऊ नकोस, सूर धर."

धरला. सहा वाजता बसनं तीनदा भोंगा दिला. मास्तरांना ऐकू येणं शक्यच नव्हतं. पण माझा सूर हलला, आणि माझ्या हाडातून त्यांना कळलं. ते गाता गाता थांबले. हात काढला नाही. वही माझ्याकडे सरकवली, स्वतः खाली उतरून माझा सूर धरला, आणि बोटानं ओळ दाखवली — गा.