तुझ्या केबिनमधलं मुखपृष्ठ

दि. ९ सप्टेंबर, मंगळवार

चि. ठकीस,

आशीर्वाद. मी बरी आहे, गुडघा त्याच्या मर्जीने. पंखा दुरुस्त झाला, जिन्यातला दिवा अजून नाही. तू कामात असशील, म्हणजे बरीच असशील.

फोन करत नाही, कारण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. "आई, मुद्दा सांग," म्हणतेस. मुद्द्यापर्यंत चालत जावं लागतं गं बाई.

तर, तुझ्या ऑफिसचा कागद मिळाला. तिसऱ्यांदा. तुला जाहिरातवाल्यांचं मोठं बक्षीस मिळणार आणि समारंभाच्या पुस्तिकेत आईचं एक पान हवं, असं तूच म्हणालीस. मला कुठं लिहिता येतं म्हटलं, तर म्हणालीस, "तुझ्या भाषेत लिही, तेच हवंय." मी चार दिवस बसून लिहिलं. तुझ्या दुरुस्त्या आल्या. त्या केल्या. पुन्हा आल्या. आता या तिसऱ्या कागदात माझं म्हणून फक्त 'आणि' उरलं आहे.

मी लिहिलं होतं, "मी सातवीपर्यंत शिकले. ह्यांना पुस्तकांची मुखपृष्ठं करायची असत आणि पुस्तक वाचायचा कंटाळा. म्हणून मी वाचायची, भाजी चिरता चिरता गोष्ट सांगायची, आणि ते चित्र काढायचे. असं करत मला वाचायचं वेड लागलं." त्याचं तू केलंस, "आमच्या घरात कल्पनेला पंख होते." ठके, आमच्या घरात पंख झुरळांना होते.

पुढे म्हणे, "बाबा सांगायचे, मोठी स्वप्नं बघ." कधी? माझ्या देखत तरी ते एवढंच म्हणायचे, "ब्रश धुवून ठेव."

कागद घेऊन तुझ्या हाताखालची ती उंच मुलगी आली होती. मी मुलगी म्हणते, पण चाळिशीला टेकली असेल. चहा घेता घेता मी सहज विचारलं, "कशी आहे गं तुमची मॅडम?" ती म्हणाली, "चांगल्या आहेत. खूप शिकवलं त्यांनी." आणि कपाकडेच बघत बसली. मग म्हणाली, "आई, आठ वर्षं झाली. माझं एकही काम माझं म्हणून बाहेर पडलं नाही. आम्ही घरी गेलो की त्या सगळं पुन्हा करतात. सकाळी स्वतःचंच काम ओळखू येत नाही."

"मग सांगत का नाहीस तिला?"

"सांगितलं. त्यांनी भिंतीवरच्या फ्रेमकडे बोट दाखवलं."

तिच्या पर्समध्ये राजीनामा आहे. सोमवारी देणार आहे. तुम्ही सांगू नका म्हणाली, मी नाही सांगत म्हटलं, आणि आता सांगते आहे. माझ्या शब्दाची किंमत बघून ठेव.

ती फ्रेम. बाबांचं शेवटचं मुखपृष्ठ. चाळीस माणसांची तू प्रमुख, कुणीही नवं आलं की त्याला तू ती गोष्ट ऐकवतेस म्हणे. थरथरत्या हाताने, कुणालाही शिवू न देता, बाबांनी ते एकट्याने पुरं केलं. म्हणून शेवटचा हात आपलाच असावा. आणि आता तीच गोष्ट या कागदात माझ्या तोंडी घातली आहेस. "मी डोळ्यांनी पाहिलं," असं.

मी काय पाहिलं ते... जाऊ दे. बेल वाजते आहे. उद्या लिहिते.

गुरुवार

काल लिहिलं नाही. काल दोरीकाकांकडे गेले होते. आठवतात का? चष्म्याची काडी दोऱ्याने बांधायचे म्हणून तूच ठेवलेलं नाव. बाबांच्या स्टुडिओत ते बावीस वर्षं अक्षरं काढत होते, चित्रांत रंगही भरत होते. एक दिवस बाबांनी सगळ्यांसमोर त्यांच्या तयार शीर्षकावरून ओला ब्रश फिरवला. "मेलेली अक्षरं," म्हणाले. काकांनी हात पुसले, डबा उचलला आणि गेले. मागोमाग बाकीचेही एकेक करून गेले. तू होस्टेलवर होतीस. सुट्टीला यायचीस तेव्हा रिकाम्या स्टुडिओत बाबा एकटेच दिसायचे, आणि तुला वाटलं, मोठा कलाकार असाच असतो. अगं, त्यांना सोडून गेले होते सगळे. मी तुला सांगितलं नाही. त्यांनाही कधी म्हटलं नाही, की अहो, राहू द्या दुसऱ्याचं एखादं.

आता ऐक. तुझ्या भिंतीवरचं मुखपृष्ठ बाबांनी केलेलं नाही.

त्यांच्या हातात चमचा राहत नव्हता, ब्रश कुठला? रोज सकाळी बसायचे, रोज फाडायचे. प्रकाशकाचा फोन आला की मी खोटं बोलायची. शेवटी मी काकांच्या दारात गेले. त्यांनी एवढंच विचारलं, "पुस्तकात काय आहे, वहिनी?" मी गोष्ट सांगितली. मग चार दिवस, औषधाने बाबांना दुपारी झोप लागली की काका यायचे आणि गॅलरीत स्टुलावर बसून काढायचे. पाचव्या दिवशी सकाळी मी ते बाबांच्या टेबलावर ठेवलं.

बाबांनी उचललं. खूप वेळ बघितलं. मग म्हणाले, "झालं की गं. अजून हात आहे माझा."

मी हो म्हटलं.

बारा वर्षं झाली, मी रोज विचार करते, त्यांना कळलं होतं का? रस्त्यापलीकडच्या पाटीवरून ते काकांचं अक्षर ओळखायचे. उत्तर मिळत नाही. कधी वाटतं कळलं होतं, आणि तो दिवस बरा जातो.

ते गेल्यावर तू आलीस, छापून परत आलेलं ते चित्र छातीशी धरून रडलीस. तेव्हा कसं सांगू? मग फ्रेम झाली, मग तुझी भाषणं झाली. दर वेळी म्हटलं, पुढच्या वेळी सांगू.

काल काकांना विचारलं, मुलीला सांगू का? म्हणाले, "आता कशाला, वहिनी? मालक समाधानाने गेले ना?"

आतून त्यांची बायको म्हणाली, "मालकांचं झालं हो समाधान. पेपरात तुमच्या मुलीचा फोटो आला, मागे ते चित्र. आमचे हे दोन दिवस धड जेवले नाहीत, ते कोण बघणार?"

"गप गं तू," काका म्हणाले. मला दारापर्यंत सोडायला आले आणि हळूच विचारलं, "निळा उडाला का हो? तो टिकत नाही. तिला म्हणावं, उन्हात लावू नको."

मी घरी येऊन हे सगळं एका पानात लिहिलं. सोबत जोडलं आहे. काकांना फोनवर वाचून दाखवलं, ते म्हणाले, "असू दे." छापायचं तर आहे तसं छाप, नाहीतर पान कोरं ठेव. चौथा कागद मला पाठवू नकोस.

चिडशील. माझ्यावर चीड, त्या उंच मुलीवर नको. सोमवारी ती समोर आली की भिंतीकडे बोट दाखवू नकोस. तिचं जे काम आत्ता तुझ्या टेबलावर पडलं आहे, ते तिच्या नावाने, तिने केलं तसं जाऊ दे. चुकलं तर चुकू दे. हात शिवशिवतील तुझे, मला माहीत आहे, तू त्यांचीच मुलगी. पण ते मुखपृष्ठ दोन दिवस बाबांच्या उशाशी होतं, ठके, प्रकाशकाचा माणूस न्यायला येईपर्यंत. हाताशी पेन्सिल होती. त्यांनी एक रेघ वाढवली नाही.

समारंभाला येईन. तू नको म्हणालीस तर येणार नाही.

बारा वर्षं गप्प बसलेली,
तुझी आई