पतीला जेवू घालत असल्याचा दाखला

दि. १८/११/२०२५

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
निरामय छाया धर्मादाय रुग्णालय,
भाईंदर (पूर्व).

विषय : मी पतीस उपाशी ठेवत नसल्याचा लेखी दाखला मिळणेबाबत.
संदर्भ : १) दि. ३/११ रोजी आपण मला तोंडी सांगितलेले. २) खिडकी क्र. ३ वरील नकार (तीन वेळा).

महोदय,

मी, वैजयंता सहादेव खिल्लारे, राहणार खारी गाव, विनंतीपूर्वक कळविते की, माझे पती काशीमीऱ्याच्या गोदामात माल उचलण्याचे काम करीत होते. फुफ्फुसाचा कर्करोग शेवटच्या पायरीवर असल्याची आपल्याकडे नोंद आहे. जानेवारीत वजन बहात्तर किलो होते, आज एक्केचाळीस आहे. त्यांचा दंड माझ्या मुठीत मावतो.

दि. ३ रोजी आपण म्हणालात की, हा आजारच अंगातले मांस झिजवतो, घास वाढवून वजन वाढणार नाही, जबरदस्ती करू नका. त्या वेळी माझी नणंद शेवंती बाहेर रिक्षा थांबवून उभी होती, तिने हे ऐकले नाही. केसपेपरवर मात्र सिस्टरांनी 'आहार कमी' असे लिहिले आहे. तेवढ्या दोन शब्दांचा फोटो तिने परभणीपर्यंत पोचवला. सासूबाई रोज फोनवर विचारतात, "आज काय घातलंस माझ्या लेकराला?" शेजारीणही जिन्यात अडवते, "भाभी, भैया को खाना-वाना देती हो ना?"

गेल्या रविवारी नणंदेने घरचा वजनकाटा खोटा ठरवला व पतीस खुर्चीसह भंगारवाल्याच्या काट्यावर बसविले. खुर्चीचे वजन किती वजा करायचे यावर गल्लीत वाद झाला. पती म्हणाले, "शेठ, आजचा भाव काय?" सगळे हसले. मला संताप आला आणि तो कोणावर काढावा हे अजून ठरलेले नाही.

खिडकी क्र. ३ वर सांगतात की वयाचा, अपंगत्वाचा, फिटनेसचा दाखला मिळेल. जेवू घातल्याचा नमुना नाही. सबब नमुना मी स्वतः लिहून जोडला आहे. त्यावर गोल शिक्का असावा, अक्षर मोठे असावे. एक प्रत नणंदेस, एक परभणीस, एक जिन्यात लावण्यास (सोसायटीचे मी पाहून घेईन) व एक भंगारवाल्यास द्यायची आहे.

पाचवी प्रत मला हवी आहे. काल दुपारी मी त्यांचा जबडा धरून मटणाचा रस्सा पाजला. चार चमचे ते माझ्याकडे बघत मुकाट्याने गिळत राहिले. मग सगळे उलटले आणि वर माझीच माफी मागितली. आपण सांगितलेले मला पाठ आहे, महोदय, पण हातात चमचा आला की ते पटत नाही. तरी या प्रतीवर माझे नाव स्पष्ट घालावे. ती मला त्यांच्यासमोर वाचायची आहे, म्हणून पुढची तारीख देऊ नये.

बसवत नसल्याने मी खिडकी क्र. ३ समोर फेऱ्या मारीत आहे. हाक मारल्यास लगेच येईन.

आपली,
वैजयंता सहादेव खिल्लारे

सोबत :
१) केसपेपरची झेरॉक्स ('आहार कमी' येथे खूण केली आहे)
२) दाखल्याचा नमुना, माझ्या अक्षरात
३) पतीचा गेल्या वर्षीचा फोटो (कृपया परत मिळावा)